नाशिकच्या ऐरणीवरून मोंबासाच्या किनाऱ्यावर

१८७५ सालचा सप्टेंबर. मोंबासाच्या जुन्या बंदरातून तुमची होडी खाडी ओलांडते आहे. मागे फोर्ट जीझसच्या भिंती दिसतात. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला आणि पुढची शंभर वर्षं त्याचा कारभार गोव्याच्या हुकमाने चालला. आता इथे झांझिबारच्या सुलतानाचा अंमल आहे. धक्क्यावर कच्छी व्यापारी हस्तिदंत तोलताहेत, मुंबईकडे जाणारे पडाव वारा पडायच्या आत निघायच्या घाईत आहेत. खिशात क्विनीन आहे ना, एकदा चाचपून घ्या. हिवताप डासांमुळे होतो हे अजून जगात कुणालाच माहीत नाही. रोनाल्ड रॉस ते शोधून काढायला बावीस वर्षं आहेत. तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा रात्री मच्छरदाणी मागून घ्या.

समोरच्या किनाऱ्यावर माडांच्या राईत नवं गाव उभं राहतंय. चर्च मिशनरी सोसायटीने ही जमीन विकत घेतली आणि गावाला नाव दिलं फ्रीअरटाउन. हे नाव मुंबईकराच्या कानाला परकं नाही. सर बार्टल फ्रीअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते आणि मुंबईच्या कोटाच्या भिंती त्यांच्याच काळात पाडल्या गेल्या. १८७३ मध्ये ते झांझिबारला गेले, ते गुलामांचा सागरी व्यापार बंद करण्याची बोलणी करायला. त्यांच्या हाती यश आलं नाही. ते परतल्यावर ब्रिटिश वाणिज्यदूत जॉन कर्क यांनी आरमाराचा धाक दाखवून त्याच वर्षीच्या ५ जूनला सुलतान बरगशकडून तह करवून घेतला. पण तह झाला म्हणून माणसं भरलेले पडाव थांबले नाहीत. आरमार ते पकडतं, तळाशी कोंबलेली बायका-मुलं-पुरुष बाहेर काढतं आणि मग प्रश्न उभा राहतो की यांना न्यायचं कुठे? गाव शेकडो कोसांवर, गावच उरलं आहे की नाही ठाऊक नाही, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पकडणारे बसलेलेच. फ्रीअरटाउन हे त्या प्रश्नाचं मिशनने दिलेलं उत्तर आहे. पोट भरेल असा धंदा शिकवायचा, जमिनीचा तुकडा द्यायचा, आणि त्याबरोबर धर्मही द्यायचा.

होडीतून उतरा. पाण्यातून दहा-बारा पावलं चालावं लागेल, वाळूत पोवळ्याचे अणकुचीदार तुकडे आहेत, वहाणा काढू नका. इथून जवळच माडांत एक कबर आहे. रोझिना क्राप्फ आणि तिची काही दिवसांची मुलगी १८४४ मध्ये इथे वारल्या. तिचा नवरा योहान लुडविग क्राप्फ हा या किनाऱ्यावरचा पहिला प्रोटेस्टंट मिशनरी. त्याचा सोबती योहानेस रेबमान इतकी वर्षं आत रबाईच्या टेकडीवर राहिला. याच वर्षी तो युरोपला परत गेला तेव्हा त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. तीस वर्षांत या मिशनला माणसं फार थोडी मिळाली. आता जे गाव वसतंय त्याला हात कुठून मिळाले, ते पाहायला आपण आलो आहोत.

आवाजाच्या दिशेने चला. एके ठिकाणी पोवळ्याचा दगड लाकडांच्या ढिगावर रचून चुना भाजताहेत. धूर डोळ्यांत जातो. पलीकडे खारफुटीचे सरळ वासे मांडून ठेवलेत. इथे घराची रुंदी या वाशाच्या लांबीवर ठरते, म्हणून किनाऱ्यावरच्या खोल्या अरुंद आणि लांबट असतात. त्यापुढे झावळ्यांनी शाकारलेली उघडी पडवी, आणि तीच कार्यशाळा. एका टोकाला भाता आणि ऐरण, दुसऱ्या टोकाला सुताराचं बाक. बाकाशी विशीतला एक तरुण दाराची चौकट जुळवतोय आणि भोवती सात-आठ मुलं उभी आहेत. काही मुलांच्या अंगावर सुटकेनंतर मिळालेलं कोरं कापड आहे. एका मुलाच्या हातात पटाशी आहे. धरलीय उलटी, आणि हात नेमका धारेच्या वाटेत.

"अरे, सांभाळून!" तुमच्या तोंडून सवयीने निघून जातं.

मुलाला ते कळत नाही. पण बाकाशी उभा असलेला तरुण चमकून वळतो. तुमच्याकडे निरखून पाहतो. मग थोडं चाचरत, पण स्वच्छ मराठीत विचारतो, "पाहुणे नाशिकचे का?"

या पडवीत उभं राहून हे ऐकताना पायाखालची वाळू सरकते, आणि सरकायलाच हवी. कारण आपल्या शाळेच्या इतिहासात या माणसाला जागा नाही. तो याओ मुलुखातला आहे, आजच्या मलावी-मोझांबिकच्या सीमेवरचा. लहानपणी पकडला गेला, विकला गेला, समुद्रावर आरमाराने सोडवला, मुंबईला आणला गेला आणि गोदावरीच्या काठी वाढला. तो विचारतो, पुराचं पाणी अजून नारोशंकराच्या देवळापर्यंत चढतं का? त्याला हो म्हणा. मग त्याच्या हातातला रंधा पाहा आणि दहा वर्षं मागे चला.

१८६५. थळ घाटातून आगगाडी याच वर्षी सुरू झाली आहे. नाशिकच्या स्टेशनावर उतरून टांगा करा आणि शरणपूरला न्या म्हणा. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही. तुम्ही पोचता तिथे माळरान आहे, आंबे-चिंचा आहेत, आणि मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. विल्यम सॉल्टर प्राइस हे पाद्री ती चालवतात. वस्तीत एक आफ्रिकन आश्रमशाळाही आहे. अरबी समुद्रात पकडलेल्या पडावांवरची मुलं मुंबईत उतरवली जातात, सरकार ती मिशनांकडे सोपवतं, आणि त्यातली पुष्कळशी इथे येतात. मुलगे, मुली, याओ, न्यासा, मकुआ, इथिओपियाकडची गल्ला. एकमेकांची भाषा येत नाही अशी पोरं एका छपराखाली. भोवती मराठी, हिंदुस्तानी, इंग्रजी. बाप्तिस्म्यात नावं मिळतात ती इंग्रजी. चेंगविंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन होतो. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, सायमन प्राइस: नावं वाचून माणूस कुठला हे कधीच कळणार नाही, आणि अशीच ती कागदोपत्री राहिली.

कार्यशाळेत जा. इथे लोहारकाम, सुतारकाम शिकवतात. अंगणात चाकाला धाव चढवायचं काम चाललंय. लोखंडी धाव जाळात लाल होईपर्यंत तापवलेली. तीन मुलं सांडशांनी ती उचलतात, चाकावर बसवतात, घणाचे घाव पडतात, लाकूड धुमसतं, आणि लगेच घागरी ओतल्या जातात. धाव आवळते, आरे तुंब्यात घट्ट बसतात. यात एक क्षण चुकला तर चाक जळतं, एक बोट मोठी धाव घेतली तर ती पहिल्या ओढ्यातच निघून येते. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. उस्तादाच्या डोळ्यांकडे पाहत, लोखंडाचा रंग ओळखत ते हातात उतरतं. दहा-बारा वर्षांचं, आई कुठे आहे हे माहीत नसलेलं पोर ते शिकतंय. त्याला या घडीला काय वाटत असेल याचा मी नेहमी विचार करते. लोखंड आपल्या हाताने वाकतं, हे कळल्यावर त्याला थोडा आधार मिळत असेल, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईत आलेले शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या पुढच्या सफरीसाठी माणसं जमवताहेत. शरणपूरमधून नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघतात. चुमा आणि विकातानी हे दोघे डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या मिशनशाळेतले, तेही बरोबर आहेत. बॉम्बे मरीन पलटणीतले तेरा शिपाई आहेत. जानेवारी १८६६ मध्ये 'थुले' जहाज मुंबईहून सुटतं. पाठोपाठ जनावरं येतात: सहा उंट, तीन म्हशी, एक पारडू, दोन खेचरं, चार गाढवं. कारण हे, की आफ्रिकेतल्या त्से-त्से माशीपुढे बैल-घोडे टिकत नाहीत. हिंदुस्थानातली जनावरं टिकतात का, हे लिव्हिंगस्टनना पाहायचं होतं. एकही टिकलं नाही.

इथे जरा थांबा, कारण ही माशी आपल्या गोष्टीच्या मध्यावर बसलेली आहे. जनावर नाही म्हणजे गाडी नाही. गाडी नाही म्हणजे सगळा माल माणसाच्या डोक्यावरून जातो, आणि ओझी वाहायला माणसं हवीत म्हणून गुलामांचा बाजारही तेजीत राहतो. हस्तिदंत किनाऱ्यावर आणणारी माणसं कितीदा तरी त्या हस्तिदंताबरोबरच विकली गेली. आणि नाशिकच्या ज्या मुलाने चाकाला धाव चढवायची कला मन लावून कमावली, तो ज्या देशात परत निघाला तिथे शेकडो कोसांत चाकच नव्हतं. परक्या मातीत शिकवलेला धंदा मूळ मातीत नेताना हे होणारच होतं. शिकवणाऱ्यांनी त्याचा विचार केला नव्हता, करायचा होता तो त्या मुलांनाच.

जुलै १८६६. न्यासा सरोवराकडे जाणाऱ्या वाटेवर, याओंच्या मताका नावाच्या सरदाराच्या गावात तांडा उतरलाय. पाहुणे बघायला गर्दी जमलीय. त्या गर्दीत नाशिकहून आलेल्या एब्राहमला आपला मामा की काका, कुणी जवळचा नातलग ओळखू येतो. लिव्हिंगस्टननी हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. ओळख पटते, आणि मग कळतं की एब्राहमला नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. नातलग म्हणतो, राहा. लिव्हिंगस्टनही म्हणतात, राहा, सुरुवातीला लागेल ते देतो. एब्राहम नाही म्हणतो. आई नाही, बहिणी नाहीत, तर मी इथे राहू कसा? पुढे काही आठवड्यांनी विकातानीला आपली माणसं सापडतात आणि तो राहतो. दोघांचंही बरोबर होतं. सोडवलेल्या माणसाला त्याच्या घरी पोचवा, असं लांबून म्हणणं फार सोपं असतं. गर्दीत उभं राहून एब्राहमचा चेहरा पाहिलात की मग ते तितक्या सहज म्हणवणार नाही.

मे १८७३, चितांबोचं गाव, आजच्या झांबियात. पावसाने सगळा मुलूख दलदल झालाय. लिव्हिंगस्टन झोपडीत वारलेत. १८७२ मध्ये मदतीला म्हणून नाशिकहून आणखी सहा जण आले, त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन आहेत. पुढे काय करायचं हे आता यांनीच ठरवायचंय, साहेब कुणी नाही. ठरतं ते हे: देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. लिव्हिंगस्टनच्या तांड्यातले सुसी आणि चुमा पुढारीपण करतात. फारिजाला, ज्याने झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरी केली होती, आणि नाशिकचा करास मिळून देह उघडतात. हृदय आणि आतडी एका झाडाखाली पुरतात. जेकब प्रार्थना वाचतो. देहात मीठ भरून दोन आठवडे उन्हात सुकवतात, कापडात गुंडाळतात, झाडाची साल अख्खी सोलून तिचं नळकांडं करतात, वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासतात. जेकब मालमत्तेची यादी करतो, एकेक वस्तू. आणि त्या झाडाच्या बुंध्यात नाव आणि तारीख कोरतो.

त्या कोरणाऱ्या हाताकडे नीट पाहा. ओल्या लाकडात अक्षर कोरताना हत्यार रेषेच्या कडेने चालवावं लागतं, नाहीतर साल फाटते. अक्षर ओळखणारा हात आणि लाकूड ओळखणारा हात, दोन्ही इथे एकाच माणसाचे आहेत. त्या झाडाचा कोरलेला तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवला गेला. तो बघायला लोक येतात ते लिव्हिंगस्टनसाठी. मला मात्र तो शरणपूरच्या विद्यार्थ्याचं काम म्हणून पाहावासा वाटतो. त्यामागे बसून गिरवलेली अक्षरं आहेत, कुणी तरी शिकवलेली हत्यारं आहेत, आणि प्रसंग ओळखून नोंद ठेवायची बुद्धी आहे. ती बुद्धी त्याची स्वतःची.

नऊ महिने, दीड हजार किलोमीटरांहून जास्त वाट. तांड्यातली माणसं वाटेत मरतात, एका गावाशी लढाईही होते. प्रेत वाहून नेणं अशुभ मानणाऱ्या मुलुखातून जाताना ते कापडाचा गठ्ठा म्हणून लपवावं लागतं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्र गाठतात. तिथून पुढे त्यांची गरज संपते. बोटीवर एकट्या जेकबला जागा मिळते, तीही मिशनने पैसे भरले म्हणून. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो आहे. चुमा आणि सुसी उशिरा पोचतात, अंत्यसंस्कार होऊन गेलेला असतो. त्यांच्या आठवणींवरून लिव्हिंगस्टनची शेवटची रोजनिशी छापायला तयार होते, आणि ते स्वतःच्या हातांनी त्या शेवटच्या झोपडीचा नमुना बांधून दाखवतात. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या माणसांसाठी पदकं पाडली. त्यांवर शब्द होते, शेवटपर्यंत इमानी. इमान होतंच, ते कुणी नाकारू नये. पण देह टिकवण्याचं शास्त्र, माल मोजण्याची शिस्त, अनोळखी सरदारांशी बोलणी, साठ-सत्तर माणसांचा तांडा उपाशी न ठेवता चालवणं, हे सगळं त्या एका शब्दात झाकून गेलं. इमानी म्हटलं की माणूस दुसऱ्याच्या गोष्टीत नोकर होऊन राहतो. हा अन्याय मला अजून बोचतो.

चला, परत फ्रीअरटाउनच्या पडवीत. आता त्या तरुणाच्या रंध्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. शरणपूरची आफ्रिकन आश्रमशाळा याच सुमारास बंद होते आहे, कारण तिची माणसं इकडे आली. प्राइस स्वतः गेल्या वर्षी इथे आले, आणि मुंबई-नाशिकहून सुमारे दीडशे जण आले किंवा येताहेत. मिशनचे गोरे लोक त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात. जोन्स आणि इश्माएल सेमलर तर १८६४ मध्येच रबाईला आले होते.

दुपारी खाडीत आरमाराची होडी येते. पकडलेल्या पडावावरची माणसं आहेत. आधी ती चालू शकत नाहीत, गुडघे दुमडलेलेच राहतात. काहींना वाटतंय आता हे खातील आपल्याला. गुलाम आवरण्यासाठी पकडणाऱ्यांनी हीच भीती घातलेली असते. बाकावरचं काम टाकून तो नाशिकचा तरुण किनाऱ्याकडे पळतो. तुम्हीही जा, पण मध्ये येऊ नका. तो पाण्यात गुडघ्याएवढा उभा राहून याओ भाषेत काही तरी बोलतो, लहानपणची, अर्धी विसरलेली भाषा. होडीतली एक बाई मान वर करते. त्याच्याकडे पाहते, त्याचे कपडे पाहते, पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहते. मग तिच्या तोंडून प्रश्नांचा लोंढा सुटतो आणि त्याला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. तो तरीही मान हलवत उभा राहतो. मिशनच्या कोणत्याही गोऱ्या माणसाला हे जमलं नसतं.

संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. तो सांगेल, इथलं लाकूड वेगळं. सागवान रंध्याखाली तेल सोडतं, सरळ सोलून निघतं. इथलं मवुले मध्येच दाणा फिरवतं, पात्याला धार सारखी लावावी लागते. गाडीची चाकं इथे कुणाला नकोत, म्हणून लोहार आता जेम्बे करतात, इथलं कुदळीसारखं अवजार. बिजागऱ्या करतात, होडीचे खिळे करतात. पण त्याच्या मनात सलतं ते दुसरंच आहे. नाशिकहून येताना त्याला वाटलं होतं आपण शिकवायला जातोय. इथे आल्यावर नव्याने आलेला एखादा इंग्रज, ज्याला इथली भाषा येत नाही आणि दाराची चौकटही लावता येत नाही, तो त्याच्यावर साहेब असतो आणि पगार कितीतरी पट घेतो. नाशिकचा हा तरुण बूट घालतो, इंग्रजी बोलतो, चोख हिशेब मागतो, म्हणून त्याला चढेल म्हणतात. ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं तो उभा राहिला की खटकतो. मिशनच्या शाळांत हे आफ्रिकेत जागोजागी घडलं, आपल्याकडेही घडलं.

पुढची भेट थोडक्यात आटपा, पण चुकवू नका. १८८०-८१, तेच गाव. आता घरं पक्की आहेत, रस्ते आखलेत, कामाची घंटा, शाळेची घंटा, प्रार्थनेची घंटा. कारभार स्ट्रीटर नावाच्या अधिकाऱ्याकडे आहे. कामचुकारपणा, बेशिस्त, वागणुकीतली चूक, कशालाही फटके आणि कोठडी. गुलामीतून सोडवून आणलेल्या माणसांच्या पाठीवर, त्यांच्या सोडवणुकीसाठी वसवलेल्या गावात, वळ उठताहेत. बॉम्बे आफ्रिकनांनी तक्रारी केल्या, बातमी झांझिबारला आणि लंडनला गेली, १८८१ मध्ये चौकशी झाली, प्राइसना परत धाडण्यात आलं आणि स्ट्रीटर गेला. मिशनने हे दडपून ठेवलं नाही हे खरं. पण मिशनची कामगिरी सांगताना ही पाठ दाखवायची टाळू नये, आणि मिशनला दोष देताना त्या पडवीतली पटाशी टाळू नये. दोन्ही एकाच गावात होतं. त्या गावाने माणसांना हत्यार दिलं आणि त्याच माणसांवर चाबूकही उचलला.

१ जानेवारी १८८९. रबाईच्या टेकडीवर चढा. मोंबासापासून दिवसभराची चाल, वाटेत काजूची झाडं आणि उतरणीवर माड. इथला सगळा कारभार बरीच वर्षं विल्यम जोन्सच्या हाती राहिला आहे. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टननी त्याला आणि सेमलरला पाद्रीपदाची पहिली दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला तांडा जोन्सने सुखरूप किनाऱ्याकडे आणला. पण जोन्सचं सगळ्यात मोठं काम याच टेकडीवर झालं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम वर्षानुवर्षं रबाईला येत राहिले. मिशनचं धोरण होतं की पळालेल्यांना थारा देऊ नये, मालक चिडतात, तह मोडतो. तरी रबाईत माणसं येत गेली, झोपड्या वाढत गेल्या, शेतं वाढत गेली. जो स्वतः विकला गेला होता त्याच्या दाराशी पळालेला माणूस उभा राहिल्यावर त्याने धोरण वाचून दाखवायचं, ही अपेक्षाच मला क्रूर वाटते.

१८८८ मध्ये मालकांनी आपली माणसं मागितली. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मोबदला भरून तोडगा काढला, आणि आज इथे चौदाशेंहून अधिक जणांना मुक्तीचे दाखले दिले जाताहेत. रांगेत उभे राहा. एकेक नाव पुकारलं जातं, कागद हातात पडतो. काही जण कागद उलटा धरतात, काही जण लगेच तो कमरेच्या कापडात बांधतात. एक म्हातारा तो परत देऊ पाहतो, त्याला वाटतं हाही कसला तरी कर असेल; शेजारचा त्याला समजावतो. कुणी नाचतंय, कुणी भांडतंय, मुलं आंब्याच्या सावलीत पळताहेत. आणि जिथे ही माणसं इतकी वर्षं राहिली ती घरं, ते दरवाजे, ती शेतं त्यांनी स्वतःच उभी केलेली आहेत, कागद येण्याआधीपासून.

आता शेवटचा टप्पा, १९३० च्या आसपासचं मोंबासा. रेल्वे आहे, मोटारी आहेत, किलिंदिनीला मोठी जहाजं लागतात. चाक शेवटी आलं. फ्रीअरटाउनच्या बाजूला जुनी घंटा अजून आहे. तो भाग स्वाहिलीत घंटेच्याच नावाने, केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. जेकब वेनराइट १८९२ मध्ये उरांबोला वारला. जोन्स गेले, सेमलर गेले. पण मॅथ्यू वेलिंग्टन, तोच चेंगविंबे, अजून आहे, खूप म्हातारा. १९३५ पर्यंत तो जगणार आहे. लिव्हिंगस्टनबरोबरच्या शेवटच्या तांड्यातला उरलेला दुवा म्हणून लोक त्याला भेटायला येतात, फोटो काढतात, आणि त्याला एकाच माणसाबद्दल विचारतात. डॉक्टरसाहेब दिसायला कसे होते? शेवटी काय म्हणाले? तो पुन्हा पुन्हा सांगतो.

तुमची पाळी येईल तेव्हा खाली बसा. मोठ्या माणसाला इथे मझे म्हणतात, तसंच म्हणा. लिव्हिंगस्टनबद्दल विचारू नका. विचारा की शरणपूरला तुमचे उस्ताद कोण होते, त्यांचं नाव काय. पहिल्यांदा काय बनवलंत तुम्ही, आणि ते कुणी विकत घेतलं. नाशिकला पावसाळ्यात कुठे झोपत होता. डांबर फासून ते शिडाचं कापड शिवलं तेव्हा टाके कुणी घातले. आणि इथे आल्यावर तुम्ही ज्या मुलांना शिकवलंत, त्यांतला सगळ्यात चांगला हात कुणाचा होता?